आबांचे सुट्टे पैसे

आबा एसटीत कंडक्टर होते. वाई डेपोत एकतीस वर्षं काढली आणि २००८ साली निवृत्त झाले. तिकिटाचं मशीन हातात येण्याआधीचा तो काळ. खांद्याला कातडी पिशवी, हातात तिकिटांच्या गड्ड्यांची पत्र्याची पेटी आणि बाकी सगळा हिशेब डोक्यात. पसरणीच्या घाटात गाडी वळणं घेत असायची. कुणी 'तीन फुल दोन हाफ पांचगणी' म्हटलं की आबा त्याच श्वासात पैसे सांगायचे आणि उरलेले सुट्टे मोजून परत द्यायचे. कॅश जुळली नाही म्हणून रात्री उशिरा घरी आलेत, असं माझ्या आठवणीत एकदाही नाही.

म्हणून २०१७ च्या दिवाळीत मंडईत जे झालं, ते मला तिथंच खटकायला हवं होतं. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि आबांनी खिशातून मूठभर नाणी काढून भाजीवालीपुढं तळहात पसरला. "घे बाई तुझे तूच." ती तिचे घेऊन मोकळी झाली. मी शेजारी उभी होते. चष्मा घरी राहिला असेल, एवढंच माझ्या मनात आलं.

त्यानंतरची दोन वर्षं आम्ही अशीच घालवली. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं वाढलं. सकाळचा पेपर हातात असायचा, पण पान उलटायचं नाही. संध्याकाळी स्टँडसमोरच्या बाकावर जुन्या सोबत्यांत जाऊन बसायचे, तेही बंद झालं. विचारलं तर म्हणायचे, "तिथं सगळे नुसते राजकारण बोलतात." आता वाटतं, बोलण्याचा धागा हातातून सुटत होता आणि ते चारचौघांत उघडं पडू नये म्हणून त्यांनी जाणंच सोडलं. एकदा तापासाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी विसरण्याचा विषय काढला होता. "सत्तरीला आले की, व्हायचंच," असं उत्तर मिळालं. आम्हालाही तेच ऐकायचं होतं.

पण आबांचा हा आजार, अल्झायमर, आम्हाला न दिसण्याचं खरं कारण वेगळं होतं. मध्ये आई उभी होती.

मी पुण्यात, धाकटा भाऊ चाकणला. आम्ही फोन केला की आईच उचलायची. "ह्यांना देते," म्हणायची आणि फोन देताना हळूच त्यांना सांगायची, "पुण्याची लेक आहे, नातीच्या परीक्षेचं विचारा." मग आबा विचारायचे, "परीक्षा कशी झाली?" मला बरं वाटायचं. पाहुणे आले की आई दारातच मोठ्यानं म्हणायची, "या या, सुरूरचे मामा आले बघा!" म्हणजे आबांना नाव आयतं मिळायचं. पैशाचा व्यवहार तिनं कधी स्वतःकडे घेतला, ते कुणाला कळलंही नाही. आबांच्या खिशात ती रोज वीस-तीस रुपयांची नाणी ठेवायची. मंडईत मी पाहिली ती तीच नाणी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. तीन आठवडे ती माझ्याकडे राहणार आणि भाऊ-वहिनी वाईला आबांजवळ, असं ठरलं. दुसऱ्याच रात्री भावाचा फोन आला. आबांनी शर्टावर शर्ट, असे तीन शर्ट घातले होते. आई कुठं गेली, हे दिवसभरात वीसदा विचारून झालं होतं. दूध गॅसवर ठेवून ते अंगणात जाऊन बसले आणि पातेलं जळून काळं झालं. चौथ्या दिवशी दाढी करायला म्हणून गणपती आळीत गेले, ते परत येताना वाट चुकले. ज्या गावात सत्तर वर्षं काढली, त्या गावात. एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं.

मी आईला विचारलं तेव्हा माझा आवाज चढला होता, हे मी लपवणार नाही. "तुला माहीत होतं?" ती पलंगावर पाय लांब करून बसली होती. बराच वेळ पायमोज्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी हाय तोवर कुणाला कळायचं कारण नव्हतं. एवढा हिशेबी माणूस. लोक हसले असते गं त्यांना."

ती चालायला लागल्यावर आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्या पहिल्या भेटीत तास-सव्वातास गेला, आणि त्यातला पहिला अर्धा तास डॉक्टरांनी आबांना बाहेर माझ्याजवळ बसवून एकट्या आईशी बोलण्यात घालवला. कधीपासून, आधी काय गेलं, अचानक झालं की हळूहळू, पायऱ्यापायऱ्यांनी उतरलं की उतारासारखं, भास होतात का, चालण्यात फरक पडलाय का. आबांसमोर तिनं यातलं काहीच कबूल केलं नसतं. बाहेर आली तेव्हा पदर ओला होता.

मग आबांची पाळी. आज वार कोणता, साल कोणतं, आपण कितव्या मजल्यावर आहोत. वार चुकला, साल चुकलं. तीन शब्द सांगून ठेवले: गुलाब, हत्ती, खुर्ची. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आबा ताठ बसले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. एकदाही अडले नाहीत. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, बघा, काही झालेलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "मघाशी तीन शब्द सांगितले होते, ते कोणते?" आबा म्हणाले, "कुठले शब्द?" शब्द विसरले असते तर एक वेळ ठीक होतं. शब्द सांगितले होते, हेच त्यांच्या लेखी घडलं नव्हतं. शेवटी गोल काढून त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगितले. एक ते बारा सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीनं बसले आणि डावी बाजू कोरी राहिली. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

तीसपैकी वीस गुण पडले. पण निदान तेवढ्यावर झालं नाही. बी-१२, थायरॉईड, सोडियम, साखर अशा रक्ताच्या तपासण्या झाल्या. कानांची तपासणी झाली, मेंदूचा एमआरआय झाला. यातल्या काही कारणांनी होणारं विसरणं औषधानं सुधारू शकतं, म्हणून आधी ती शोधायची. बी-१२ खरंच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली आणि आम्ही दोन महिने आशेवर काढले. थकवा गेला, विसरणं तसंच राहिलं. उजव्या कानाला कमी ऐकू येत होतं, त्यासाठी यंत्र आणलं. एमआरआयमध्ये मेंदूचा आतला एक छोटा भाग, हिप्पोकॅम्पस, आक्रसलेला दिसत होता. नवीन आठवण आधी तिथं नोंदवली जाते, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण तीस वर्षं रोज केलेली वजाबाकी शाबूत राहते. "चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वयाचं," ते म्हणाले. "चष्मा पिठाच्या डब्यात सापडणं आणि तो तिथं कसा गेला याचा मागच न लागणं, हा आजार." आमच्याकडे चष्मा खरोखर पिठाच्या डब्यात सापडला होता. आई माझ्याकडे बघायची थांबली.

स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया हे लक्षणांचं नाव आणि अल्झायमर हा तो घडवणारा सगळ्यात मोठा आजार, हेही मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन मी वाचत सुटले. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. तिचं पहिलं लक्षण विसरणं नव्हतंच. ती नवऱ्यावर संशय घ्यायला लागली होती. डॉ. आलोइस अल्झायमर तिला प्रश्न विचारून उत्तरं टिपून ठेवत. स्वतःचं नावही तिला नीट लिहिता येईना, तेव्हा 'मी हरवलेय' अशा अर्थाचं ती काही बोलली. १९०६ मध्ये ती गेल्यावर तिच्या मेंदूत त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले. त्या वाचनात मला नवऱ्याचं फार वाटलं. बायको संशय घेतेय आणि तो आजार आहे, हे तोवर जगात कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या घरी संशय दोन महिन्यांनी आला. आबांना वाटायला लागलं, की आई त्यांची कॅश चोरते. निवृत्तीला बारा वर्षं झालेली, कसली कॅश? पण रात्री उशीखाली, गादीखाली शोधाशोध. "डेपोत भरायची आहे, तू काढलीस." ज्या बाईनं त्यांचं विसरणं दोन वर्षं पदराआड झाकलं, तिला. आई आधी शपथा घ्यायची, देवासमोर हात ठेवायची, पासबुक दाखवायची. त्यानं ते आणखी चिडायचे. मग एका रात्री वैतागून तिनं साखरेच्या डब्यातली नाणी एका जुन्या पाकिटात भरली आणि त्यांच्या हातात दिली. "ही घ्या कॅश, मोजून घ्या." आबा दिवाणावर बसून नाणी मोजायला लागले. एक रुपयाची, दोनची, पाचची वेगळी. अर्ध्या तासात शांत झोपले. त्या दिवसापासून ते पाकीट आमच्या घरातलं सगळ्यात कामाचं औषध आहे.

खरी औषधं म्हणजे डोनेपेझिल आणि पुढं मेमँटिन. आजार थांबवत नाहीत, काही काळ माणूस आहे तिथं टिकावा म्हणून असतात, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. डोनेपेझिलनं नाडी मंदावू शकते म्हणून आधी ईसीजी काढला. पाच मिलिग्रॅम सोसलं. दहावर नेल्यावर जुलाब लागले, भूक गेली, म्हणून पुन्हा पाचवर आलो. रात्री दिली तर भयंकर स्वप्नं पडायची, ती गोळी सकाळी देण्यानं थांबली. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅबला मान्यता मिळाल्याची बातमी भावानं पाठवली आणि आम्ही धावत विचारायला गेलो. ते औषध अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याची जोखीम असल्यानं वारंवार एमआरआय करावे लागतात, असं कळलं. आबा तो टप्पा ओलांडून गेले होते. मंडईनंतरची ती दोन वर्षं मला तेव्हा पुन्हा आठवली.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगावीशी वाटते. २०२२ च्या पावसाळ्यात आबा दोन दिवसांत एकदम बिघडले. भिंतीवर माणसं दिसायला लागली, दिवसा झोप, रात्री ओरडणं, चालताना झोक. आम्ही धरून चाललो, की आजार पुढच्या टप्प्यावर गेला. फोनवर डॉक्टर म्हणाले, "अल्झायमर दोन दिवसांत असा उतरत नाही. लघवी तपासा, पोट साफ आहे का बघा, आणि नवीन काय दिलंय ते सांगा." लघवीत जंतुसंसर्ग निघाला. शिवाय सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळीतही झोप आणणारं औषध होतं, आणि अशी औषधं या आजारात गोंधळ वाढवतात. अँटिबायोटिक सुरू केलं, ती गोळी बंद केली, आणि आठवड्यात आबा जवळजवळ पहिल्यासारखे झाले. तेव्हापासून दुकानातून साधा खोकल्याचा पातळ डोससुद्धा विचारल्याशिवाय आणत नाही.

पहाटेचा प्रश्न वेगळाच होता. चार वाजले की आबा उठून बसायचे. "माझी महाबळेश्वर फर्स्ट आहे. खाकी कुठाय?" दार उघडून दोनदा स्टँडवर पोचले. ओळखीचे लोक असल्यानं कंट्रोलरनं बाकावर बसवून चहा दिला आणि फोन केला. पुढं आम्ही दाराची कडी वर, डोळ्यांच्या रेषेच्या बाहेर बसवली. शर्टाच्या खिशात नाव आणि तीन फोन नंबर लिहिलेलं कार्ड ठेवलं. बाथरूमची आतली कडी काढली, गॅसचा सिलिंडरचा कॉक रोज रात्री बंद. आरशातल्या माणसाशी त्यांचं भांडण व्हायला लागलं, तेव्हा कपाटाच्या आरशावर आईनं जुनं लुगडं टाकलं.

पण खाकीचं काय? "तुम्ही रिटायर झालात" म्हटलं की तोंड पडायचं. त्यांना ती बातमी दर पहाटे नव्यानं कळायची. ऑक्टोबर २०२१ अखेरीस एसटीचा मोठा संप सुरू झाला, तो एप्रिलपर्यंत चालला. त्यात एका पहाटे आई म्हणाली, "अहो, संप आहे. गाड्या बंद." आबा थांबले. "मान्य झाल्याशिवाय जायचं नाय," म्हणाले आणि पुन्हा आडवे झाले. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, पण आमच्या घरात तो अजून चालू आहे. हे खोटं बोलणं आहे, याचा मला सुरुवातीला त्रास व्हायचा. आता होत नाही. त्यांना धक्का देऊन मिळवायचं असं माझ्याकडे काही खरं उरलेलं नाही.

संध्याकाळी पाचच्या पुढं बेचैनी वाढायची. स्वतःच्याच घरात बसून "घरी जायचंय." त्यावर दिवे लवकर लावणं आणि चक्कर मारून आणणं, हे दोन उपाय लागू पडले. कृष्णेच्या घाटावर नेताना आई विचारते, "पसरणी गेली का?" मग आबा एकेक स्टॉप सांगतात: दांडेघर, पांचगणी, भिलार फाटा, मेटगुताड, महाबळेश्वर. हा क्रम आता आतापर्यंत पक्का होता. या वर्षी मेटगुताड गळलंय.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. निदानानंतर सहा महिन्यांतच बँकेचं खातं आईबरोबर 'दोघांपैकी कुणीही' असं संयुक्त करून घेतलं. भाऊ मुखत्यारपत्र करायला निघाला होता. वकिलांनी सांगितलं, की देणाऱ्याची समजण्याची शक्ती गेली की मुखत्यारपत्रही संपतं, त्यावर विसंबू नका. मृत्युपत्र करायचं असेल तर आत्ता, डॉक्टरांच्या दाखल्यासह. तसंच केलं. उशीर झाला असता तर हायकोर्टात जाऊन पालक नेमून घ्यावा लागला असता. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची वेगळी गंमत नाही, कसरत आहे. बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवायचा. त्यात डोळे मिचकवायला सांगतात. सांगून आबा मिचकवत नाहीत. आई बाजूला बसून त्यांच्या चेहऱ्यावर हळूच फुंकर घालते. पापणी लवते, दाखला निघतो.

आणि आता आईबद्दल. २०२३ च्या उन्हाळ्यात मी वाईला गेले तर आई निम्मी झाली होती. आठ किलो वजन उतरलेलं. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं कपाटात तशीच, कारण आबांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळताना स्वतःच्या राहून जात. रात्री स्वयंपाकघरात बसून तिनं सांगितलं, की आदल्या दिवशी अंघोळीला येईनात म्हणून तिनं आबांच्या हातावर चापट मारली. "सत्तेचाळीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर हात उगारला नाही. आणि मी." पुढं तिला बोलवेना. मला तेव्हा जाणवलं, की चार वर्षांपूर्वी ती आबांचं विसरणं झाकत होती आणि आता स्वतःचं दमणं झाकत होती, आणि दोन्ही वेळा मी फोनवर "सगळं बरं आहे" ऐकून समाधानी होते. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्येच प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला त्या आकड्यामागं घराघरातली एकेक आई दिसली, जिची मोजदाद त्यात नाही.

त्यानंतर आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी आठ ते रात्री आठ गावातलेच एक काका येतात, महिना बारा हजार; भाऊ आणि मी निम्मे निम्मे देतो. अंघोळ तेच घालतात, आणि "ड्युटीला निघायचंय" म्हटलं की आबा मुकाट पाटावर बसतात. शनिवार-रविवार आलटून पालटून आम्ही दोघं. आईच्या गोळ्यांचा डबा वेगळ्या रंगाचा, आणि तो मी व्हिडिओ कॉलवर बघते. नुसतं विचारत नाही. गुरुवारी चार ते सहा आई भजनाला जाते. पहिल्या गुरुवारी ती अर्ध्या तासात परत आली होती. आता सहाच्या सहाला येते, कधी साडेसहाला.

गेल्या गुरुवारी मी होते. आबा आता फार बोलत नाहीत. घास तोंडात धरून ठेवतात, म्हणून भात मऊ कालवून, ताठ बसवून, थोडा थोडा भरवावा लागतो. माझं नाव दोन वर्षांपूर्वी गेलं. आईचं या उन्हाळ्यात. सव्वासहाला ती आली, चपला काढल्या, टाळ कोनाड्यात ठेवले. आबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओळख दिसली नाही. पण ती जवळ आली तेव्हा त्यांनी तळहात पुढं केला आणि म्हणाले, "सुट्टे द्या."

आईनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. आबांनी मूठ मिटली आणि सरकून तिला दिवाणावर जागा करून दिली.